पुसलेली नोंद आणि परवान्याचा अर्ज : एक चिकित्सा

गोषवारा

न्यायालयाने पुसून टाकलेली गुन्ह्याची नोंद व्यवसायाचा परवाना देणाऱ्या मंडळांना पाहता यावी की नाही, हा प्रश्न सामान्यतः व्यक्तीचे खासगीपण आणि लोकहित यांच्यातील द्वंद्व म्हणून मांडला जातो. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नियामकाने नोंद पाहणे आणि ती अर्जदाराच्या तोंडून वदवून घेणे या दोन भिन्न गोष्टी असून अन्यायाचे मूळ मुख्यतः दुसऱ्या गोष्टीत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया व फ्लोरिडा ही राज्ये, इंग्लंड आणि भारत येथील तरतुदींच्या आधारे हा भेद येथे तपासला आहे.

प्रस्तावना

पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकविणाऱ्या प्राध्यापकांकडे दर उन्हाळ्यात विद्यार्थी चारित्र्याचा दाखला मागण्यास येतात. कोणाला पोलीस भरतीचा अर्ज भरावयाचा असतो, कोणाला विधी महाविद्यालयानंतर वकिलीची सनद घ्यावयाची असते, कोणाला परिचर्येच्या व्यवसायात नोंदणी हवी असते. काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी साक्षांकन नमुना घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. गावातील भावकीच्या भांडणात वडील आणि चुलत्यांबरोबर त्याचेही नाव फिर्यादीत घातले गेले होते. पुढे प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटले. नमुन्यात रकाना होता : आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदविला गेला होता काय? त्याने विचारले, "सर, जे मिटलं ते लिहायचं का?"

लिहिले तर निवड समितीच्या मनात किंतु येणार आणि न लिहिले तर माहिती दडविल्याचा ठपका येणार, हे त्याला समजत होते. त्याच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर देता आले, परंतु त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही आणि लेखकाचेही झाले नाही. त्या असमाधानातून हा लेख लिहिला गेला आहे.

१. 'पुसणे' म्हणजे काय?

मराठी वाचकाला नोंद काढून टाकण्याची कल्पना मुख्यतः विधिमंडळाच्या वार्तांकनातून परिचित आहे. सदस्य आक्षेपार्ह शब्द उच्चारतो, गदारोळ होतो आणि अध्यक्ष ते शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश देतात. शब्द सर्वांनी ऐकलेला असतो. आदेशाने कोणाचीही स्मृती पुसली जात नाही. त्या शब्दाचा अधिकृत आधार घेण्याचा हक्क तेवढा संपतो.

गुन्ह्याची नोंद पुसण्याच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. घटना घडली नाही असे राज्यसंस्था म्हणत नाही. त्या घटनेच्या आधारे या व्यक्तीला यापुढे कमी लेखणार नाही, असे अभिवचन ती देते. या अभिवचनाची किंमत ते कोणापुढे पाळले जाते यावर ठरते. शेजाऱ्यापुढे मौन बाळगण्याची मुभा आहे, परंतु ज्याच्या स्वाक्षरीवाचून पोट भरता येत नाही त्या मंडळापुढे नाही, अशी स्थिती असेल तर अभिवचन जेथे सर्वांत उपयोगी पडावयास हवे तेथेच ते निकामी ठरते.

ही अडचण मूठभर प्रतिष्ठित व्यवसायांपुरती मर्यादित नाही. व्हाइट हाउसने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अमेरिकेतील चतुर्थांशाहून अधिक कामगारांना आपले काम करण्यासाठी परवाना लागतो. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते. डॉक्टर आणि वकील यांच्याबरोबर केशकर्तन करणाऱ्यालाही तेथे मंडळापुढे अर्ज करावा लागतो. परवान्याचे क्षेत्र विस्तारत गेले, तसतसे पुसलेल्या नोंदीचे मोल घटत गेले.

२. कॅलिफोर्निया : मुक्तता आणि कबुली एकाच कलमात

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचे कलम १२०३.४ हे या विसंगतीचे ठळक उदाहरण होय. परिवीक्षेचा काळ यथास्थित पार पाडणाऱ्या व्यक्तीस न्यायालय गुन्ह्याची कबुली मागे घेऊ देते, खटला रद्द करते आणि काही अपवाद वगळता त्या गुन्ह्यातून उद्भवणाऱ्या सर्व शिक्षा व अपात्रता यांतून तिला मुक्त करते. लोकव्यवहारात याला नोंद पुसणे म्हटले जाते. प्रत्यक्षात जुनी नोंद जागेवरच राहते आणि खटला रद्द झाल्याची दुसरी नोंद तिच्या शेजारी येऊन बसते. त्याच कलमात पुढे असे बंधन आहे की सार्वजनिक पद, राज्य वा स्थानिक संस्थेचा परवाना किंवा राज्य लॉटरी आयोगाशी करार यांसाठीच्या अर्जात थेट प्रश्न विचारला गेल्यास जुनी दोषसिद्धी सांगितलीच पाहिजे. म्हणजे न्यायालयाने मागे घेऊ दिलेली कबुली अर्जाच्या रकान्यात पुन्हा द्यावयाची.

यातून सापळा निर्माण होतो. व्यवसायविषयक संहितेच्या कलम ४८० नुसार अर्जात जाणूनबुजून खोटे विधान करणे हे परवाना नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे. न्यायालयाने 'तुमचा खटला रद्द झाला' असे सांगितलेला मनुष्य त्या शब्दांचा सरळ अर्थ घेऊन 'नाही' असे लिहितो आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या किरकोळ अपराधाऐवजी आजच्या असत्यासाठी अपात्र ठरतो. जुना गुन्हा क्षम्य होता, हे मंडळालाही मान्य असू शकते. तरीही परवाना मिळत नाही, कारण आता प्रश्न गुन्ह्याचा नसून सचोटीचा आहे, असे म्हटले जाते.

राज्याच्या विधिमंडळाला हा दोष टप्प्याटप्प्याने उमगला. २०१४ च्या दुरुस्तीने केवळ रद्द झालेल्या दोषसिद्धीच्या आधारे परवाना नाकारण्यास मनाई केली. ती २०१५ पासून लागू झाली. तरी न सांगण्याचे कारण शिल्लक होतेच. २०१८ मध्ये संमत झालेल्या आणि १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने (सभागृह विधेयक २१३८) ग्राहक व्यवहार विभागाच्या अखत्यारीतील मंडळांसाठी तीन महत्त्वाचे बदल केले. व्यवसायाशी ठोस संबंध असलेली आणि गंभीर गुन्ह्यांचे अपवाद वगळता मागील सात वर्षांतील दोषसिद्धीच विचारात घ्यावी. अर्जदाराकडून गुन्हेगारी पूर्ववृत्त मागण्यास सामान्यतः मनाई असावी. आणि जी गोष्ट सांगितली असती तरी परवाना नाकारण्याचे कारण ठरली नसती, ती केवळ न सांगितल्यामुळे परवाना नाकारू नये.

यांपैकी तिसरा बदल प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. जे निरर्थक आहे त्याविषयीचे मौन अर्थपूर्ण ठरू शकत नाही, हे साधे तर्कशास्त्र येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत उतरले. मंडळांना बोटांच्या ठशांवरून न्याय विभागाकडील नोंदी मागविण्याचा मार्ग खुला राहिला. पाहणे चालू राहिले, वदवून घेणे थांबले.

मात्र ही जाणीव सार्वत्रिक नव्हती. कॅलिफोर्नियात तुरुंगातील बंदी वणवे विझविण्याच्या पथकांत काम करतात. सुटकेनंतर मात्र आपत्कालीन वैद्यकीय साहाय्यकाचे प्रमाणपत्र मिळविताना त्यांची दोषसिद्धी आड येत असे आणि त्या प्रमाणपत्राअभावी अग्निशमन सेवेतील बहुतेक नोकऱ्यांची दारे बंद राहत. सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने अशा बंद्यांना खटला रद्द करून घेण्याची आणि परवान्याच्या अर्जात तो न सांगण्याची सोय दिली. परंतु शिक्षकाचा परवाना, पोलीस सेवा आणि सार्वजनिक पद यांना ती लागू केली नाही. ज्या राज्याने आगीच्या तोंडी उभे राहण्यास या माणसांवर विश्वास टाकला, त्याने वर्गात उभे राहण्यासाठी मात्र त्यांच्याकडून पुन्हा कबुली मागितली.

३. फ्लोरिडा : ओळ पुसली, डाग ठेवला

फ्लोरिडातील व्यवस्था याहून निराळी आणि अधिक विचार करावयास लावणारी आहे. तेथे नोंद पुसण्याचा आदेश झाल्यावर संबंधित यंत्रणांनी आपल्याकडील कागद प्रत्यक्ष नष्ट करावयाचे असतात. राज्याच्या विधी अंमलबजावणी विभागाकडे तेवढी एक गोपनीय प्रत राहते. ज्याला न्यायालयाने दोषी ठरविले आहे त्याला ही सवलत सामान्यतः मिळतच नाही. म्हणजे आपण बोलतो आहोत ते प्रामुख्याने आरोप मागे घेतलेल्या किंवा खटला निकालात निघालेल्या व्यक्तींविषयी. अशा व्यक्तीस अटक झालीच नव्हती असे कायदेशीरपणे म्हणता येते. परंतु वकील संघटनेतील प्रवेश, शालेय सेवा आणि अन्य काही क्षेत्रे यांना अपवाद आहे. तेथे नकार देता येत नाही.

या अपवादात्मक संस्थांना पुसलेली नोंद वाचावयास मिळते का? न्यायालयाच्या आदेशावाचून नाही. त्यांना इतकेच कळविले जाते की या व्यक्तीची गुन्हेगारीविषयक माहिती पुसण्यात आली आहे. वरकरणी ही मधली वाट समंजस वाटते. प्रत्यक्षात ती दोन्हीकडून तोट्याची आहे. नियामकाच्या हाती ज्ञान येत नाही, केवळ संशय येतो. दुकानातून टोपी उचलल्याचा आरोप होता की कोणावर शस्त्र उगारल्याचा, हे त्या एका वाक्यातून समजत नाही. साहजिकच खुलाशासाठी अर्जदाराकडे बोट दाखविले जाते. ज्याच्या संरक्षणासाठी कागद नष्ट केले, तोच आता त्या कागदांचा एकमेव जिवंत साक्षीदार होतो. आणि त्याच्या कथनाला दुजोरा देणारा पुरावा राज्याने स्वतःच्या हाताने नाहीसा केलेला असतो.

४. नियामकाची बाजू

नियामकांच्या भूमिकेला वजन आहे, हे मान्य केले पाहिजे. परवाना ही राज्याने नागरिकाच्या वतीने दिलेली हमी असते. भूल देण्यापूर्वी रुग्ण डॉक्टरचे पूर्वायुष्य तपासू शकत नाही. वकिलाच्या खात्यात पैसे ठेवणारा पक्षकार त्याच्याविषयी चौकशी करीत बसत नाही. ती चौकशी मंडळाने केली आहे, या गृहीतावर हा सर्व व्यवहार चालतो. अशिलाच्या पैशांचा अपहार केलेल्या मनुष्याची नोंद पुसली गेली म्हणून सनद देणाऱ्या संस्थेने डोळे मिटावेत, असे कोणीही म्हणणार नाही. बालकांच्या सहवासातील व्यवसायांबाबत तर सावधगिरी हे कर्तव्यच ठरते.

परंतु या युक्तिवादाची व्याप्ती नीट पाहावी. त्यातून संबंधित गुन्ह्याची माहिती नियामकाला असावी, एवढेच सिद्ध होते. सर्व गुन्ह्यांची, सर्व काळची माहिती असावी, हे सिद्ध होत नाही. आणि ती माहिती अर्जदाराने स्वतः लिहून द्यावी, हे तर मुळीच नाही. राज्याच्या एका दप्तरात असलेली माहिती दुसऱ्या दप्तराला हवी असेल तर ती मागवून घेण्याची जबाबदारी दप्तरांची आहे.

यावर सांगितले जाते की प्रश्नाचा हेतू माहिती मिळविणे हा नसून प्रामाणिकपणा पारखणे हा आहे. हे समर्थन अधिक चिंताजनक आहे. ज्याने चूक केली नाही त्याला या परीक्षेला बसावेच लागत नाही. ज्याने केली, शिक्षा भोगली आणि न्यायालयाकडून मुक्तता मिळविली, त्यालाच ती द्यावी लागते. शिवाय तिचा नियम असा की एका न्यायालयाने दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारा नापास होतो. अशा परीक्षेत पारख होते ती सचोटीची नव्हे, तर चांगला कायदेविषयक सल्ला परवडण्याच्या ऐपतीची.

५. इंग्लंड : गाळणी कोणाच्या हाती?

पाहण्याचा अधिकार मान्य केला तरी काय पाहावे हे कोणी ठरवावे, हा प्रश्न उरतो. या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उपयुक्त आहे. १९७४ च्या अपराधी पुनर्वसन कायद्याने ठरावीक काळानंतर दोषसिद्धी कालबाह्य मानून तिच्याविषयी मौन बाळगण्याचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, अपवादांचा आदेश निघाला आणि वैद्यक, वकिली, लेखापालन इत्यादी व्यवसायांपुढे तो हक्क संपुष्टात आला.

हे अपवाद किती दूरवर जाऊ शकतात, ते न्यायालयांपुढे आलेल्या प्रकरणांतून दिसले. एका मुलाला अकराव्या वर्षी दोन सायकली चोरल्याबद्दल पोलिसांनी ताकीद दिली होती. ती फुटबॉल क्लबमधील अर्धवेळ कामाच्या आणि पुढे क्रीडा अभ्यासक्रमाच्या वेळी पुन्हा समोर आली. एका स्त्रीला २००१ मध्ये कृत्रिम नखांचे पाकीट उचलल्याबद्दल मिळालेली ताकीद शुश्रूषेच्या कामाच्या आड आली. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सर्व काही सरसकट उघड करणारी ही पद्धत खासगी जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरविली. दरम्यान, २०१३ मध्ये गाळणीची व्यवस्था आली होती. परंतु एकाहून अधिक दोषसिद्धी असल्यास सर्वच उघड करण्याचा नियम तिच्यात होता. मानसिक आजारावर उपचार न मिळालेल्या एका बेघर स्त्रीने १९९९ मध्ये ९९ पेन्सचे पुस्तक चोरले आणि ती तारखेला हजर राहिली नाही. या झाल्या दोन दोषसिद्धी, आणि म्हणून गाळणी निरुपयोगी. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाही नियम अप्रमाण ठरविला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला.

या इतिहासातून घेण्यासारखा धडा असा की गाळणी नोंद सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या हाती असावी. समितीने एकदा वाचलेले 'दुर्लक्षित' करणे मनुष्यस्वभावाला अवघड असते. तिच्यापुढे कागद येण्यापूर्वीच निवड झाली पाहिजे.

६. भारतीय कायद्यातील स्मरण आणि विस्मरण

भारतात प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी पुसण्याची सर्वसाधारण तरतूद नाही. तरी विस्मरणाचे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही, असे १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम १२ सांगते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम २४-क तर परवाना देणाऱ्या संस्थेच्या स्मृतीला मुदत घालून देते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीची अपात्रता सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते आणि परिवीक्षेचा लाभ मिळालेल्यास ती लागूच होत नाही. दोन वर्षांचा काळ अपुरा आहे की पुरेसा, याविषयी मतभेद संभवतात. परंतु मर्यादा कायद्यात आधीच लिहिलेली असावी, हे तत्त्व तेथे आहे.

सर्वांत पुढे गेलेली तरतूद बालकांविषयीची आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने नव्या प्रारंभाचे तत्त्व स्वीकारले. कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला दोषसिद्धीची अपात्रता भोगावी लागत नाही आणि विहित काळानंतर अभिलेख नष्ट करावयाचे असतात. सोळा वर्षांवरील बालकांच्या निर्घृण अपराधांबाबत अपवाद आहे. निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करू नये, असे कलम ७४ बजावते. येथे कायद्याने बरोबर त्याच जागी बोट ठेवले आहे जिथे फ्लोरिडाचा कायदा चुकतो. परंतु हे बंधन पोलिसांवर आहे. नमुन्यातील 'कधी' हा शब्द मात्र सज्ञान झालेल्या त्याच व्यक्तीला बालपणासकट सर्व काही विचारीत राहतो. दारातून बाहेर घालविलेली गोष्ट खिडकीतून आत येते ती अशी.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला नोकरीच्या संदर्भात वारंवार हात घातला आहे. दिल्ली पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार (२०११) या प्रकरणात भाडेकरूबरोबरच्या वादातील, तडजोडीने मिटलेला खटला अर्जात न लिहिल्यामुळे उमेदवाराची निवड रद्द होण्याची वेळ आली होती. न्यायालयाने तारुण्यातील चुकांकडे उदारपणे पाहावे असे म्हणत व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीतील जाँ व्हालजाँचे स्मरण केले. भाकरी चोरल्याबद्दल शिक्षा झालेल्या या नायकाच्या पिवळ्या पारपत्राविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ते पोलिसांच्या कपाटात नसते, त्याच्याच खिशात असते, आणि प्रत्येक गावी ते त्याने स्वतःच्या हाताने दाखवावयाचे असते. साक्षांकन नमुना हे आपल्या काळातील तसेच पारपत्र होय.

अवतार सिंग विरुद्ध भारत संघ (२०१६) या निकालात त्रिसदस्य पीठाने परस्परविरोधी निर्णयांतून मार्ग काढला. प्रश्न संदिग्ध नसावा, विशेषत्वाने जे विचारले तेच सांगणे बंधनकारक मानावे, तरुणपणी घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक बाबी दडविल्या गेल्या तरी नियोक्त्याने त्याकडे दुर्लक्ष करता यावे, असे निकष त्यात आहेत. या निकालाने अनेकांना दिलासा दिला, यात संशय नाही. तथापि त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. दुर्लक्ष करणे हा नियोक्त्याचा विवेकाधिकार राहिला. तो उमेदवाराचा हक्क झाला नाही. कॅलिफोर्नियाचे विधिमंडळ 'नाकारू नये' असे म्हणते, आपला निकाल 'दुर्लक्ष करता येईल' असे म्हणतो. या दोन क्रियापदांतील अंतर उमेदवाराला न्यायालयाच्या पायऱ्या चढून भरून काढावे लागते.

महाराष्ट्राच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु विमुक्त जमातींकडे पाहण्याची यंत्रणेची दृष्टी त्याबरोबर रद्द झाली नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. ज्या वस्तीत चोरी झाली की प्रथम पोलीस येतात, त्या वस्तीतील तरुणाचे नाव कोणत्या ना कोणत्या फिर्यादीत असण्याचा संभव अधिक. 'कधी गुन्हा नोंदविला गेला होता काय?' हा प्रश्न सर्वांना एकाच अक्षरात छापून दिला जातो, तरी तो सर्वांना सारखा पडत नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पुसलेल्या वा निकाली निघालेल्या नोंदीपर्यंत नियामकाची पोच पूर्णतः बंद करणे काही व्यवसायांत योग्य होणार नाही. परंतु कोणत्या व्यवसायासाठी कोणता गुन्हा आणि किती वर्षांपर्यंत विचारात घेतला जाईल, हे प्रत्येक मंडळाने आधी जाहीर केले पाहिजे. त्या यादीत बसणारी नोंदच अभिलेख सांभाळणाऱ्या यंत्रणेने मंडळाकडे पाठवावी. मंडळाने ती अर्जदाराला दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे. यादीबाहेरच्या गोष्टीविषयी प्रश्न विचारू नये आणि तिच्याविषयीचे मौन अप्रामाणिकपणा मानू नये. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २६ मध्ये नाव कमी करण्यासाठी 'महत्त्वाच्या तथ्याबाबत' दिशाभूल झालेली असावी लागते. कायद्यानेच जे बिनमहत्त्वाचे ठरविले, त्याला केवळ रकान्यात विचारल्यामुळे महत्त्व प्राप्त होऊ नये.

त्या विद्यार्थ्याला शेवटी 'खरे ते लिही आणि निकालाची प्रत जोड' असे सांगितले. आजच्या कायद्याच्या स्थितीत तोच सल्ला सुरक्षित आहे आणि पुढेही कोणी विचारल्यास तोच द्यावा लागेल. मात्र तो देताना, जे प्रकरण न्यायव्यवस्थेने मिटविले ते त्या मुलाला आपल्याच हाताने पुन्हा उघडावयास सांगत आहोत, याची जाणीव शिक्षक म्हणून बोचत राहते. रकान्यातील एक शब्द बदलण्याइतकी ही दुरुस्ती लहान आहे. ती होईपर्यंत चारित्र्याच्या दाखल्यावर आपण करीत असलेल्या स्वाक्षरीचा अर्थ अपुराच राहील.